अभिप्राय : द्यावा कसा, घ्यावा कसा

प्रस्तावना

कविता लिहिणारी माणसे आपल्या अवतीभोवती पुष्कळ असतात. कोणी वहीच्या मागच्या पानावर लिहितो, कोणी पावतीच्या कोऱ्या पाठीवर, तर कोणी स्वयंपाक करता करता मनातच ओळी जुळवतो. यांतील बहुतेक कविता दुसऱ्या कोणाच्या कानांवर कधीच पडत नाहीत. 'शुद्धलेखन चुकले असेल', 'ही कविताच नव्हे असे कोणी म्हणेल', 'लोक हसतील' अशा शंका लिहिणाऱ्याला अडवतात. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्या मनात ही भीती अधिक खोल रुजलेली असते.

ऐकणाऱ्याचीही अडचण असते. समोरच्याने धीर करून कविता वाचली, की तिच्याविषयी काय बोलावे हे त्याला सुचत नाही. मग तो 'छान आहे' एवढे म्हणून सुटका करून घेतो, किंवा आपले ज्ञान दाखवण्यासाठी चुकांची यादी वाचतो. पहिल्या प्रकाराने कवीला काही कळत नाही. दुसऱ्या प्रकाराने तो पुन्हा लिहीत नाही. दोन्ही वेळा कविता जेथे होती तेथेच राहते.

अभिप्राय देणे आणि घेणे ही भाषेचीच कौशल्ये आहेत. वाचन-लेखनाप्रमाणे तीही सरावाने येतात. या पाठात ती आपण शिकणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला

• स्तुती, निंदा आणि अभिप्राय यांतील फरक सांगता येईल;
• एखाद्या हौशी कवीच्या कवितेवर नेमका आणि उपयोगी अभिप्राय देता येईल;
• कवितेविषयीचे मत आणि कवीविषयीचे मत वेगळे ठेवता येईल;
• तंत्रातील चूक, आवडीनिवडीचा प्रश्न आणि बोलीचे वैशिष्ट्य यांत भेद करता येईल;
• आपल्या कवितेवरील अभिप्राय शांतपणे ऐकून काय स्वीकारावे व काय सोडावे हे ठरवता येईल.

१. स्तुती, निंदा आणि अभिप्राय

पुढील तीन वाक्ये वाचा.

(अ) 'वा! फारच सुंदर कविता आहे.'
(आ) 'याला कविता म्हणत नाहीत. आधी व्याकरण शिका.'
(इ) 'तिसऱ्या ओळीतील जिन्याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पहिल्या दोन ओळींत मात्र तसे काही दिसले नाही.'

पहिले वाक्य स्तुतीचे आहे. ते ऐकून बरे वाटते, पण कवितेतील काय सुंदर आहे हे त्यातून समजत नाही. दुसरे वाक्य निंदेचे आहे. त्यात कवितेची एकही ओळ आलेली नाही. ते कवितेवर नसून कवीवर आहे. तिसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने विशिष्ट ओळीकडे बोट दाखवले, तिचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला आणि जेथे परिणाम झाला नाही ती जागाही दाखवली. हा अभिप्राय होय.

यावरून असे म्हणता येईल, की अभिप्रायात तीन गोष्टी असाव्यात : कवितेतील नेमकी जागा, तिचा वाचकावर झालेला परिणाम आणि त्या परिणामाचे कारण. यांपैकी कारण प्रत्येक वेळी सापडेलच असे नाही. परंतु जागा आणि परिणाम प्रामाणिकपणे सांगणे कोणत्याही वाचकाला शक्य असते. त्यासाठी पदवी लागत नाही.

पाठगत प्रश्न १

(क) वरील वाक्य (आ) अभिप्राय का नाही?
(ख) 'शेवटची ओळ वाचताना मी थांबलो, कारण ती कोणाला उद्देशून आहे हे कळले नाही.' या वाक्यात जागा, परिणाम आणि कारण कोणते ते ओळखा.

२. मिळून कविता वाचण्याची परंपरा

कवी एकटा लिहितो. पण कविता नेहमी एकटेपणातच घडते असे नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे इत्यादी कवी त्यात होते. रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमावे, एकमेकांना कविता वाचून दाखवाव्यात, त्यांवर बोलावे असा त्यांचा परिपाठ होता. पुढे या कवींनी लोकांसमोर काव्यगायनाचे कार्यक्रम करून मराठी कविता घरोघरी पोहोचवली. मित्रांच्या लहानशा बैठकीतून एवढे मोठे काम उभे राहिले.

अन्य भाषांतही अशा रीती आहेत. उस्तादाने शिष्याच्या रचनेत केलेल्या दुरुस्तीला उर्दूत 'इस्लाह' म्हणतात. मिर्झा गालिब आपल्या शिष्यांच्या रचना तपासून पत्रांतून अशी इस्लाह कळवीत असत. तमिळमध्ये नवी कृती जाणकारांच्या सभेपुढे प्रथम सादर करण्याला 'अरंगेट्रम' म्हणतात. आज हा शब्द नृत्याच्या पहिल्या कार्यक्रमासाठी सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु पूर्वी काव्यांचेही अरंगेट्रम होत असे.

आता अशीच एक बैठक आपण पाहू. ती तमिळनाडूच्या राजधानीत, चेन्नईत, भरलेली आहे.

३. चेन्नईतील एक बैठक

तमिळ प्रदेशाशी मराठी माणसांचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर येथे राज्य स्थापन केले. १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची सत्ता होती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. त्या काळापासून दक्षिणेत राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक चेन्नईत आहेत. त्यांच्या बोलण्यात जुनी मराठी रूपे आणि तमिळ शब्द सहज मिसळतात. दुसरीकडे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागांतून गलाई कामगार देशभर गेले. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय. चेन्नईच्या सौकारपेठेसारख्या सराफी भागांतही हे कामगार भट्टीवर काम करताना दिसतात.

पुढील प्रसंग कल्पित आहे. महिन्यातून एकदा एका घरी चार मराठी माणसे जमतात : बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, तंजावरी मराठी घराण्यातील वयस्कर अण्णा, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि विट्याकडून आलेला, नववीनंतर शाळा सुटलेला एक गलाई कामगार. आज त्या तरुणाने आपली कविता प्रथमच वाचली. ती अशी :

आठवण तुझी येते मजला आई,
तुझ्याविना या जगात कोणी नाही.
भट्टीपाशी बसतो मी दिवसभर,
घामाने भिजते माझे अंग वर.
सोने वितळते, मन माझे वितळते,
डोळ्यांमधुनी अश्रुधार ओघळते.
दुकानाच्या जिन्यावर मी भाकर खातो,
तुझ्या हाताचा वास तिला मी शोधतो.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काही चुकले असेल तर सांभाळून घ्या. माझे शिक्षण फार नाही."

काकू म्हणाल्या, "शिक्षणाचे राहू दे बाबा. कविता आणखी एकदा वाच. पहिल्या वेळी मी नुसतीच ऐकली. आता लक्ष देऊन ऐकते."

त्याने पुन्हा वाचली. मग काकूंनी सुरुवात केली. "शेवटच्या दोन ओळी ऐकताना मला तो जिना दिसला. दुपारची वेळ, एकटाच बसलेला मुलगा. तेथे मी गलबलले. पहिल्या दोन ओळी मात्र कोणीही लिहिल्या असत्या तरी चालल्या असत्या. त्यांत तू दिसत नाहीस."

मुलगी म्हणाली, "दादा, 'अंग वर' म्हणजे काय ते मला कळले नाही. 'दिवसभर'ला यमक हवे म्हणून 'वर' आले का?"

तरुण हसला. "होय. दुसरे काही जुळेना."

"आणि सोने वितळते तेव्हा खरोखर काय दिसते?" तिने विचारले. "मी कधी पाहिलेले नाही."

"मूस लाल होते. आधी कडा, मग सगळी. तिच्याकडे जास्त वेळ पाहवत नाही. कपाळावरचा घाम मनगटाने पुसावा लागतो, कारण बोटांना काळे लागलेले असते."

"हे कवितेत नाही," ती म्हणाली. "हे मला फार आवडले असते."

अण्णा इतका वेळ शांत होते. त्यांनी विचारले, "तू भाकर कोठून आणतोस? येथे ज्वारीची भाकर मिळते?"

तरुण ओशाळला. "नाही अण्णा. दुपारी इडलीच खातो. पण इडली म्हटले की कवितेसारखे वाटत नाही."

"मला तर वाटते," अण्णा म्हणाले. "इडली खाणाऱ्या मुलाला भाकरीची आठवण येते, हीच तुझी कविता आहे. भाकर हातात असती, तर शोधायचे काय?"

काही क्षण कोणी बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, "एक सुचवू? 'वास'ऐवजी 'सुगंध' घातलेस तर? 'वास' कधी कधी वाईट अर्थानेही येतो."

तरुणाने विचार केला. "काकू, तुमचे म्हणणे समजले. पण माझी आई 'सुगंध' हा शब्द कधीच वापरत नाही. 'वास'च राहू द्यावा असे वाटते."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "कविता तुझी आहे."

पुढच्या महिन्यात त्याने आणलेली कविता अशी होती :

भट्टीपुढे दिवस जातो.
मूस लाल होते, आधी कडा, मग सगळी.
कपाळाचा घाम मी मनगटाने पुसतो.
दुपारी जिन्यावर बसून इडली खातो
आणि हाताला, आई,
भाकरीचा वास शोधतो.

पाठगत प्रश्न २

(क) 'अंग वर' या शब्दांत कोणता दोष होता? तो कोणी व कसा दाखवला?
(ख) दुसऱ्या कवितेत 'अश्रुधार' हा शब्द नाही. तरीही दुःख जाणवते का? कशामुळे?
(ग) तरुणाने कोणती सूचना नाकारली? त्यासाठी त्याने काय कारण दिले?

४. अभिप्राय देताना

वरील बैठकीत कोणीही काव्यशास्त्राचे मोठे शब्द वापरले नाहीत. तरीही कविता बदलली. ती कशामुळे बदलली ते पाहू.

• त्यांनी कविता पुन्हा वाचायला सांगितली. एकदा ऐकून मत देणे हा कवितेवर अन्याय असतो. लिहिणाऱ्याने कदाचित महिनाभर त्या आठ ओळी मनात वागवलेल्या असतात. आपण तिला निदान दोन वाचने द्यावीत.

• जे जमले आहे ते आधी आणि नेमके सांगितले. हे केवळ मन राखण्यासाठी नसते. आपल्या कवितेत बळ कोठे आहे हे नवोदित कवीला बहुधा ठाऊक नसते. या तरुणालाही 'अश्रुधार' ही आपली सर्वांत काव्यमय ओळ वाटत असावी. त्याची खरी कविता जिन्यावर होती.

• दोष प्रश्नाच्या रूपाने विचारला. 'यमकासाठी ओढून शब्द आणलास' असे म्हणण्याऐवजी मुलीने 'म्हणजे काय?' असे विचारले. आरोपाचे उत्तर बचावाने दिले जाते. प्रश्नाचे उत्तर विचाराने.

• ज्याची माहिती नाही ती विचारून घेतली. 'खरोखर काय दिसते?' या प्रश्नामुळे मुशीचे चित्र कवितेत आले. अनुभव कवीकडे होताच, पण तो इतरांना नवा आहे हे त्याला कळले नव्हते.

• कोणीही त्याच्या वतीने नवी ओळ लिहून दिली नाही. काकूंनी एक शब्द सुचवला आणि नकार मिळताच तो मागे घेतला. दुसऱ्याची कविता आपल्यासारखी करणे म्हणजे ती सुधारणे नव्हे.

५. कवितेवर बोलावे, कवीवर नव्हे

मदुराईच्या तमिळ संघाची एक कथा प्रसिद्ध आहे. स्त्रीच्या केसांना उपजतच सुगंध असतो की तो फुलांमुळे येतो, अशी पांड्य राजाला शंका आली. उत्तर देणाऱ्यासाठी त्याने सोन्याच्या मोहरांचे बक्षीस ठेवले. धरुमी नावाच्या गरीब कवीला बक्षिसाची गरज होती, पण कविता सुचेना. शिवाने त्याला कविता लिहून दिली. ती सभेत वाचली गेली तेव्हा नक्कीरर या पंडिताने तिच्यातील विधान चुकीचे आहे असे सांगितले. धरुमीला उत्तर देता येईना, कारण कविता त्याची नव्हतीच. शेवटी स्वतः शिव सभेत आला. त्याने तिसरा डोळा उघडला तरी नक्कीरर आपल्या मतापासून ढळला नाही. १९६५ साली आलेल्या 'तिरुविळैयाडल' या तमिळ चित्रपटामुळे ही कथा तमिळनाडूत घरोघरी माहीत झाली.

या कथेतून दोन गोष्टी घेता येतात. कवी गरीब आहे म्हणून नक्कीररने त्याला हिणवले नाही आणि कवी देव आहे म्हणून दोष झाकला नाही. त्याने फक्त कवितेकडे पाहिले. हा त्याचा गुण होय. परंतु दुसरी बाजूही आहे. ती कविता 'कुरुन्तोगै' या प्राचीन संग्रहात आहे. तिच्यात एक प्रियकर भुंग्याला विचारतो, की माझ्या प्रियेच्या केसांहून अधिक सुगंधी फूल तू पाहिले आहेस काय? हे प्रेमात पडलेल्या माणसाचे बोलणे आहे. शास्त्राचे विधान नव्हे. म्हणून दोष दाखवण्यापूर्वी कवितेत कोण बोलत आहे आणि कोणाशी, हे पाहणे आवश्यक असते.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे. तुकोबांच्या अभंगांना रामेश्वर भटांनी विरोध केला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. हा आक्षेप एखाद्या अभंगातील शब्दावर नव्हता. शूद्र मानल्या गेलेल्या कुळातील माणसाने धर्माचा अर्थ सांगावा की नाही, यावर तो होता. म्हणजे तो कवितेवरचा अभिप्राय नव्हताच. तो लिहिण्याचा अधिकार नाकारणे होते. पुढे हेच रामेश्वर भट तुकोबांचे अनुयायी झाले, असेही परंपरा सांगते.

तुमच्या कवितेविषयी कोणी 'तू किती शिकलास?', 'बाईने असे लिहावे का?', 'तुझ्या कामात लक्ष घाल' असे म्हणाले, तर हा भेद आठवावा. त्या वाक्यांत कवितेची एकही ओळ नाही. त्यांवरून कविता बदलण्याचे कारण नाही.

६. चूक कोणती आणि बोली कोणती?

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खानदेशात शेतीची आणि घरातील कामे करताना त्या गाणी रचत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी व आप्तांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. हे अस्सल सोने आहे, ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवू नये, असा अत्र्यांचा अभिप्राय पडला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती गाणी त्यांच्या बोलीतच छापली गेली. 'शुद्ध' करण्याच्या नादात कोणी तिचे शब्द बदलले असते, तर आज ती गाणी आपल्यापर्यंत त्या रूपात आली नसती. बोली ही चूक नव्हे. आपल्या तरुणाचा 'भाकर' हा शब्द किंवा अण्णांच्या बोलण्यातील तंजावरी रूपे ही दुरुस्त करण्याची गोष्ट नाही. मात्र 'वास तिला मी शोधतो' ही रचना कोणत्याही बोलीत अडखळते. तेथे थांबून 'तुला काय म्हणायचे आहे?' असे विचारणे योग्यच आहे.

याच अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहात रविकिरण मंडळाच्या कवितेतील लकबींची थट्टा केली होती. विडंबनालाही साहित्यात स्थान आहे. परंतु ते नावारूपाला आलेल्या कवींसाठी शोभते. पहिलीच कविता थरथरत्या हातांनी वाचणाऱ्या माणसापुढे तिची नक्कल करून हशा मिळवू नये. त्या हशाची किंमत बहुधा एका वहीएवढी असते : ती वही पुन्हा उघडत नाही.

तंत्राच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलावे. कवीने स्वतःहून वृत्त, अभंग किंवा गझल निवडली असेल, तर मात्रा, अक्षरे, यमक, काफिया यांचे नियम मोजून पाहता येतात. गझलकार सुरेश भट यांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती याच कारणाने. 'या ओळीत दोन मात्रा कमी पडतात' हे मत नसून मोजणी आहे. 'मला ही उपमा जुनी वाटते' हे मत आहे. अभिप्राय देताना आपण मोजणी सांगत आहोत की मत, हे स्पष्ट असावे.

पाठगत प्रश्न ३

पुढील वाक्ये मोजणी, मत की कवीवरील आक्षेप ते ओळखा.
(क) 'दुसऱ्या ओळीचे यमक चौथ्या ओळीशी जुळत नाही.'
(ख) 'कारखान्यात काम करणाऱ्यांनी कविता करू नयेत.'
(ग) 'मला शेवटच्या ओळीपेक्षा त्याआधीची ओळ अधिक आवडली.'

७. अभिप्राय घेताना

अभिप्राय घेणे हे देण्यापेक्षा कठीण आहे. आपली कविता म्हणजे आपणच, असे लिहिणाऱ्याला वाटत असते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, आधीच क्षमा मागू नये. 'काही जमले नाही, तरी वाचतो' असे म्हटले, की ऐकणारा कवितेऐवजी आपली समजूत घालण्यात गुंततो. त्यापेक्षा आपल्याला काय हवे ते सांगावे : 'शेवट कळतो का, एवढे मला पाहायचे आहे.'

दुसरी गोष्ट, ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये. 'तेथे मला असे म्हणायचे होते' हे वाक्य मनात ठेवावे. कविता वाचकाकडे जाते तेव्हा कवी तिच्यासोबत जात नाही. वाचकाला जे कळले नाही, ते कागदावर नाही असे समजून तपासावे.

तिसरी गोष्ट, अभिप्राय लिहून घ्यावेत आणि दोन-चार दिवस वही मिटून ठेवावी. त्याच दिवशी बदल केल्यास आपण रागाने किंवा भिडेपोटी बदल करतो. एकाच जागी अनेक जण अडखळले असतील, तर तेथे निश्चित काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेले उपाय वेगवेगळे असतील आणि कदाचित सर्व अयोग्यही असतील. तरी जागा बरोबर दाखवलेली असते.

चौथी गोष्ट, अखेरचा निर्णय आपला. तरुणाने इडलीची सूचना घेतली आणि सुगंधाची नाकारली. दोन्ही वेळा त्याने एकच कसोटी लावली : हे माझ्या अनुभवाशी खरे आहे का? ज्याच्याकडे ही कसोटी आहे, त्याला स्तुती फुगवत नाही आणि निंदा मोडत नाही.

सोने भट्टीत घालणारा कारागीर सोन्याचा द्वेष करीत नाही. त्यात सोने आहे असा विश्वास असतो म्हणूनच तो भट्टी पेटवतो. दुसऱ्याची कविता हाती घेताना तोच विश्वास आपल्यापाशी असावा.

तुम्ही काय शिकलात

• अभिप्रायात कवितेतील नेमकी जागा, तिचा परिणाम आणि शक्य असल्यास कारण सांगावे.
• अभिप्राय कवितेवर असावा. कवीचे शिक्षण, जात, व्यवसाय किंवा मोठेपण यांवर नसावा.
• दोष दाखवण्यापूर्वी कवितेत कोण, कोणाशी बोलत आहे ते समजून घ्यावे.
• बोली ही चूक नव्हे. तंत्राची मोजणी आणि आवडीचे मत यांत भेद करावा.
• अभिप्राय शांतपणे ऐकावा, लिहून घ्यावा आणि विचारान्ती स्वीकारावा वा सोडावा.

शब्दार्थ

परिपाठ – नित्याची पद्धत. मूस – धातू वितळवण्याचे भांडे. ओशाळणे – संकोचणे, लाजणे. विडंबन – मूळ रचनेची विनोदी नक्कल. लकब – विशिष्ट सवय किंवा ढब. काफिया – गझलेतील यमक.

स्वाध्याय

१. तरुणाच्या दोन्ही कविता पुन्हा वाचा. पहिल्या कवितेतील कोणती गोष्ट दुसऱ्या कवितेत असायला हवी होती असे तुम्हाला वाटते? कारणासह पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. नक्कीररचा कोणता गुण घेण्यासारखा आहे? त्याच्या आक्षेपाला कोणते उत्तर देता येईल?

३. बहिणाबाईंची गाणी प्रमाणभाषेत बदलून छापली असती तर काय गमावले असते? आपल्या शब्दांत लिहा.

४. पुढील अभिप्राय उपयोगी होईल अशा रीतीने पुन्हा लिहा : 'तुझी कविता कंटाळवाणी आहे. सगळे जुनेच आहे.'

५. कृती : तुमच्या रोजच्या कामातील एका वस्तूवर सहा ओळी लिहा. त्या दोघांना वाचून दाखवा. त्यांचे अभिप्राय वहीत लिहून घ्या. चार दिवसांनी ओळी पुन्हा लिहा आणि कोणती सूचना घेतली, कोणती सोडली व का, ते खाली नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (क) त्यात कवितेतील कोणत्याही जागेचा उल्लेख नाही. ते वाक्य कवीला कमी लेखते. (ख) जागा – शेवटची ओळ. परिणाम – वाचक थांबला. कारण – ओळ कोणाला उद्देशून आहे हे स्पष्ट नाही.

२. (क) यमकासाठी अर्थहीन शब्द ओढून आणला होता. तो मुलीने प्रश्न विचारून दाखवला. (ख) होय. जिना, इडली आणि भाकरीच्या वासाचा शोध या प्रत्यक्ष तपशिलांमुळे. (ग) 'वास'ऐवजी 'सुगंध' घालण्याची सूचना. आई तो शब्द वापरत नाही हे कारण.

३. (क) मोजणी (ख) कवीवरील आक्षेप (ग) मत.